पंधरा परस

"किती परस हाय?"

स्वारगेटच्या मेट्रोच्या तोंडाशी, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर आई थांबली आणि तिनं मला हे विचारलं. मागं माणसांची रीघ लागलेली. पाठीला दप्तर लावलेली पोरं आमच्या दोन्ही अंगांनी वाट काढून खाली पळत होती. एक बाई "आजी, जरा बाजूला" म्हणून गेली. आईनं एका हातानं कठडा धरला होता, दुसऱ्या हातात औषधाची पिशवी, आणि नजर खाली, जिथं जिना वळून दिसेनासा होत होता तिथं.

"असतील की सात-आठ. तू चल."

"सात-आठात एवढा गारवा येत न्हाई," ती म्हणाली.

खालून खरंच गार वारं येत होतं. चैत्राचं ऊन वर तापलेलं आणि खालून विहिरीच्या काठावर वाकल्यावर येतो तसा थंडावा. मी मनात म्हटलं, हा एसीचा वारा. पण तिला काय सांगणार?

परस म्हणजे दोन्ही हात वर करून उभा राहिलेला बाप्या माणूस. आमच्याकडं विहीर फुटात मोजतो तो फक्त ब्लास्टिंगवाला आणि कागद रंगवणारा सरकारी माणूस. बाकी सगळं गाव परसात मोजतं. अमक्याच्या विहिरीला पाच परसावर पाणी लागलं, तमक्याची नऊ परस जाऊन कोरडी. एक परस सात फुटांचा धरायचा. आम्ही मोरगावच्या पुढचे, कऱ्हेच्या काठापासून लांबचे, जिरायत पट्ट्यातले. तिथं माणसाची ऐपत एकरावर ठरत नाही, विहीर किती परस गेली आणि उन्हाळ्यात तळाला काय राहिलं त्यावर ठरते. म्हणून आईचा प्रश्न काही अडाणीपणाचा नव्हता. एखाद्या खड्ड्यात उतरण्याआधी जाणत्या माणसानं विचारावा तोच प्रश्न होता. मला मात्र त्या वेळी लाज वाटली. लोक बघत होते. मी दबक्या आवाजात म्हणालो, "आई, चल की आता. इथं का मुक्काम करायचाय?"

ती वळली आणि दोन पायऱ्या चढून परत वर, उन्हात जाऊन उभी राहिली. त्या दिवशी आम्ही रिक्षानं गेलो.

२०२५ सालचा उन्हाळा. पाडव्याआधी आईच्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं. आता पंचवीस दिवस लाइट द्यायचे होते. रेडिएशनला आमच्याकडं कुणी लाइट म्हणतं, कुणी शेक म्हणतं. आई शेकच म्हणायची. सोमवार ते शुक्रवार रोज जायचं, शनिवार-रविवार सुट्टी. गावाकडून रोज येणं शक्यच नव्हतं. मोरगाव, जेजुरी, सासवड, मग दिवे घाट उतरून हडपसर, तिथून स्वारगेट. एवढ्यात धडधाकट माणसाचं अंग खिळखिळं होतं. म्हणून पर्वतीच्या पायथ्याला अक्काच्या एका खोलीत आम्ही दोघं येऊन राहिलो. दादा, म्हणजे आमचे वडील, गावाकडं जनावरांपाशी. त्यांच्या भाकरीला थोरली आई होती.

हॉस्पिटल पुणे स्टेशनच्या बाजूला. पहिले तीन दिवस रिक्षानं गेलो. एका फेरीला सव्वाशेच्या पुढं. पैसे एकवेळ सोसले असते, पण खड्डा आला की आई काखेखाली हात दाबून धरायची आणि डोळे मिटायची. टाके अजून ओले होते. पीएमपीच्या बसमध्ये तर चढतानाच कुणाचा तरी कोपर बसला. तिथं नंबर लावून बसलेला एक भोरकडचा पाहुणा म्हणाला, "अहो, मेट्रोनं या. अंगावरचं पाणी हलत नाही." रिक्षाच्या एका फेरीच्या पैशात दोघांचं जाणं-येणं होत होतं. सगळं खरं. पण त्यासाठी आधी खाली उतरायला हवं होतं, आणि आई चौतीस-पस्तीस वर्षांत कुठल्याही खोल खड्ड्यात उतरली नव्हती.

ही गोष्ट आमच्या घरात कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होती.

नव्वदचा उन्हाळा. मी त्या वेळी झोळीतला. जवाहर योजनेतून विहीर मंजूर झाली होती. पैसा सरकारचा, हात घरचे. आमचे थोरले चुलते, आबा, हे खोदकामातले दर्दी. मातीचा वास घेऊन खाली काय लागणार ते सांगायचे. वीस फुटांचा घेर आखला, नारळ फोडला आणि सुरुवात झाली. वरची चार फूट काळी माती एका दिवसात निघाली. मग पांढरी. ती फसवी. सुकी असते तोवर दगडासारखी, भिजली की लोण्यासारखी. तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली मांजऱ्या, आणि मग काळा पाषाण. पाषाणाला सुरुंग लावायचे. "बार हाय रं, बार!" अशी आरोळी झाली की बाया-पोरं लिंबाच्या आडोशाला पळत. यारी आणायला पैसे नव्हते. त्यामुळं भिंतीच्या कडेकडेनं पायटे ठेवलेले आणि त्यावरून डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत डबर असं सगळं वर आणायचं. हे काम बायांचं. आईनं आणि थोरल्या आईनं मिळून किती पाट्या वाहिल्या त्याचा हिशेब नाही. आई म्हणायची, दिवसाला ती विहीर मी तीन-तीन वीसा वेळा चढलेय.

चार परस गेल्यावर एका रात्री वळीव पडला. सकाळी पाणी उपसून काम सुरू केलं. दुपारी पांढरीची दरड सुटली. आबा खाली होते.

घरात आम्हाला जे सांगितलं होतं ते एवढंच, की जेवणाची सुट्टी झाली होती, सगळे वर आले होते, आबा हत्यारं गोळा करायला मागं राहिले होते. ते मिळाले तेव्हा दिवस मावळला होता. पुढं दोन वर्षांनी दादांनी तीच विहीर आधी वरून बांधून काढली आणि मग सात परसापर्यंत नेली. पाणी लागलं. आजही आमचं सगळं त्याच पाण्यावर आहे. पण आई त्या विहिरीच्या पायऱ्या कधी उतरली नाही. पोहऱ्यानं, मग मोटरीनं, काठावरूनच. पोरांना पोहायला शिकवताना दादा पाण्यात आणि आई घरात.

तर चौथ्या दिवशी सकाळी ती आपणहून म्हणाली, "चल, त्या हिरीतनं जाऊ." रात्री तिला झोप नव्हती हे मला माहीत होतं, पण मी काही विचारलं नाही. आदल्या दिवशीच्या माझ्या बोलण्याचं मलाच वाईट वाटत होतं.

पहिली अडचण जिन्याची नव्हती, अडकित्त्याची झाली. पिशवी त्या तपासायच्या यंत्रातून गेली आणि पलीकडच्या पोरीनं हात वर केला. "आजी, यात काय आहे?" आईनं चंची काढली. औषधं चालू झाल्यापासून पान-सुपारी बंद होती, पण चंची कमरेची सुटली नव्हती. त्या पोरीनं अडकित्ता उलटसुलट करून बघितला. तिला ते नेमकं काय आहे ते कळेना. आईनं तिच्यापुढं अर्धं खांड कातरून दाखवलं. मोठ्या साहेबाला बोलावलं. तो सोलापूरकडचा असावा, त्याला बघताच हसू आलं. "राहू द्या आज. उद्यापासून घरी ठेवा बरं का, मावशी." आई दुसऱ्या दिवसापासून अडकित्ता अक्काकडं ठेवून यायची, पण त्या पोरीपुढून जाताना रोज चंची उघडून रिकामी दाखवायची. तिनं मागितली नाही तरी.

तिकीट म्हणजे दुकानातल्या पावतीसारखा कागद, त्यावर काळे ठिपके. तो दारापाशी काचेवर धरला की फळ्या बाजूला होतात. आई लिहाय-वाचायला शिकलेली नाही, पण हे तिला एका दिवसात आलं. बाहेर पडतानाही तोच कागद दाखवावा लागतो, म्हणून जपून ठेवायचा, हे मी सांगितलं तर ती म्हणाली, "एसटीचं तिकीट बी उतरोस्तर जपावंच लागतंय की."

सरकता जिना मात्र जमेना. नऊवारीचा काष्टा, पायात चप्पल, आणि समोर पायरी जमिनीतून उगवतेय. ती पाय पुढं करायची आणि मागं घ्यायची. तेवढ्यात झाडूवाली एक बाई आली, हातातली काठी भिंतीला लावली आणि म्हणाली, "मावशे, लिफ्ट तिकडंय. मी बी पयल्या दिशी अशीच भ्याले व्हते." ती मराठवाड्यातली. तिनं आईचा हात धरून लिफ्टपर्यंत नेलं. दार बंद झालं, खोली खाली निघाली आणि आईनं माझं मनगट धरलं. तिच्या बांगड्यांचे वळ माझ्या हातावर उठले. वर तिची नजर छताकडं. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव. नंतर विचारलं तर म्हणाली, "देव कशाला? मोजत व्हते."

खाली गेल्यावर तिनं पहिली गोष्ट काय केली, तर भिंतीपाशी जाऊन बोटांच्या पेरांनी ठोकून बघितली. "बांधून काढलीया?"

"सगळी. काँक्रीट आहे."

"वरपासनं?"

"वरपासून."

"मग ठीक हाय," असं म्हणून ती बाकावर टेकली. पण भिंतीकडं पाठ करून नाही. भिंत दिसेल अशी.

गाडी आली. तीनच डबे, पण लखलखीत. आम्हाला जागा मिळाली. मिळाली म्हणजे एका पोरानं कानातलं न काढता नुसता उठून आईला हातानं खूण केली. दारं मिटली आणि बाहेर अंधार धावू लागला. आईनं काचेला कपाळ लावलं.

"ह्ये कुनी खांदलं?"

मी मोबाइलवर वाचलेलं सांगत गेलो. यंत्रानं खोदलंय. जमिनीच्या पोटात यंत्र सोडलं, ते पुढं खडक कातरत जायचं आणि मागं लगेच काँक्रीटच्या कड्या बसवत यायचं. त्या यंत्रांना नद्यांची नावं दिली होती, मुळा आणि मुठा. बोगद्याचा घेर आतून वीसेक फुटांचा.

"वीस?" ती माझ्याकडं वळली. "आपल्या हिरीएवढा?"

"तेवढाच."

"म्हंजी ही आडवी हीर झाली की."

मी इतकी वर्षं पुण्याला येतो-जातो, कामाला राहिलो, पण मेट्रोच्या बोगद्याचं एवढं नेमकं वर्णन मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

मंडई स्टेशन आलं. मी म्हटलं, आता वर महात्मा फुले मंडई असेल. आईला मंडई नावानंच माहीत. आजोबा बैलगाडीत वांगी, गवार भरून रात्रीचा दिवे घाट उतरायचे आणि उजाडता मंडईत पोचायचे, हे तिनं सासऱ्याच्या तोंडून ऐकलेलं. पुढं घाऊक बाजार गुलटेकडीला गेला आणि मंडईचा आमचा संबंध सुटला. सासऱ्याच्या गाडीच्या चाकाखालून आपण जातोय, याचं तिला हसू आलं. त्या दिवसातलं पहिलं.

कसबा पेठ मागं पडल्यावर मी एक चूक केली. सांगून बसलो की आता आपण मुठेच्या खालून चाललोय.

"नदीच्या?"

"हो."

"मग पाझर येत आसंल. उपसा कुटं करत्यात?"

भीती वाटायच्या जागी तिला उपशाची काळजी. मी म्हणालो, कड्यांच्या सांध्यात रबर असतं, पाणी आत येत नाही, आणि थोडंफार आलंच तर मोटरी बसवलेल्या असतात. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लाइट गेली तर?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमच्याकडं आठवड्यातले काही दिवस शेतीची लाइट रात्रीचीच असते. तिचा प्रश्न अगदी रास्त होता.

गाडी बदलायची ती जिल्हा न्यायालयाच्या स्टेशनात. पूर्वी इथं सरकारी धान्याची गोदामं होती. आता खाली एक गाडी, वर दुसरी. खालची पिंपरीकडं जाते, वरची वनाजवरून येते आणि पुणे स्टेशन, रामवाडीकडं जाते. हे स्टेशन ३३ मीटर खोल आहे. म्हणजे १०८ फूट. मी तिथल्या तिथं भाग लावला आणि आईला सांगितलं, "पंधरा परस."

तिनं मान वर केली. आणि तशीच राहिली.

या स्टेशनात एक गोष्ट आहे ती बाकीच्या ठिकाणी मी बघितली नाही. वरून उजेड खाली येतो. मधला भाग मोकळा ठेवलाय, जिने या अंगानं, त्या अंगानं चढत गेलेत, आणि सगळ्यात वर छतातून दिवसाचा उजेड थेट खालपर्यंत उतरतो. आमचा नंबर दीडचा, त्यामुळं आम्ही तिथं साडेबाराच्या आसपास पोचायचो. ऊन डोक्यावर. विहिरीत काम केलेल्या माणसाला ही वेळ ठाऊक असते. दिवसभरात तेवढा अर्धा-पाऊण तासच तळाला ऊन लागतं. बाकी वेळ गार सावली.

"भाकरीची येळ झाली," आई म्हणाली. मला तेव्हा तो विषय बदलल्यासारखा वाटला.

तिथून वर चढायला लिफ्टपाशी व्हीलचेअरवाले होते, पोटुशी एक बाई होती. आई म्हणाली, "त्यास्नी जाऊ दे." आणि सरकत्या जिन्यापाशी गेली. खाली उतरताना पायरी उगवते तिची भीती होती. वर जाताना तिनं काष्टा सावरला, कठड्याला हात लावला आणि पाय ठेवून दिला. एक जिना संपला की दुसरा, दुसऱ्यानंतर तिसरा. जमीन आली तरी थांबायचं नाही, अजून वर, कारण दुसरी गाडी झाडांच्या शेंड्यांवरून धावते. वर पोचल्यावर वारं लागलं. आईला जराही दम लागला नव्हता. ती खाली वाकून बघत म्हणाली, "डोक्यावर काय नसलं तर चढायला काय लागतंय?"

मग ते अंगवळणी पडलं. रोजचे चेहरे ओळखीचे झाले. एसटीत बसलं की शेजारचा पहिल्या पाच मिनिटांत कुठलं गाव, कुणाचे, म्हणून विचारतो. इथं कुणी विचारत नाही. प्रत्येकाची मान मोबाइलात. आईनं ती उणीव भरून काढली. इंदापूरची नर्सिंगची पोरगी, बार्शीचा बँकेतला मुलगा, अशी तिची गिऱ्हाइकं ठरलेली. झाडूवाल्या बाईला ती अक्काच्या घरची शेंगदाण्याची चटणी न्यायची. प्रत्येक दिवसाचं येतानाचं तिकीट ती घडी घालून चंचीत ठेवायची. शेकाचे दिवस मोजायला. पहिल्या तीन दिवसांना रिक्षा होती म्हणून तिथं तीन सुपाऱ्या ठेवल्या होत्या.

पण शेकाचा ताप वाढत गेला. तिसऱ्या आठवड्यात काखेखालचं कातडं तव्यावरच्या भाकरीसारखं काळं पडलं. तोंडाची चव गेली. रात्री ती भिंतीला टेकून बसलेली दिसायची. सतरावा दिवस होता. आम्ही जिल्हा न्यायालयाला उतरलो आणि ती जिन्याकडं न जाता बाकावर बसली. मी म्हटलं, बसू दे दोन मिनिटं. एक गाडी गेली. दुसरी गेली. लोक उतरत होते, वर जात होते, परत मोकळं होत होतं.

"आजपासनं न्हाई," ती म्हणाली.

"आठच राहिलेत, आई."

"तुझं आठ. अंग माझं हाय."

मी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. मधेच सोडलं तर आधीचं सगळं वाया जातं, हेही सांगितलं. ती ऐकत नव्हती. वर बघत होती, उजेड येत होता तिकडं. बराच वेळ गेला. मग एकदम बोलायला लागली.

"त्या दिशी जेवणाची सुट्टी झालीच नव्हती."

मला आधी कळेना कुठल्या दिवसाचं.

"मी खालीच व्हते. पाट्या भरीत व्हते. तू वर लिंबाला, झोळीत. रडाय लागलास. मी म्हणलं, रडू दे, एवढी खेप भरू आन् मंग जाऊ. आबा माझ्याशी थेट कधी बोलले न्हाईत. थोरलं दीर. भिताडाकडं बघून म्हणले, 'पोरगं कवाधरनं रडतंय. कुनीतरी वर जावा. पाट्या भरतो मी.' मी पदर सावरला आन् चढले. तुझ्या झोळीला हात लावला आन् मागनं आवाज झाला."

गाडी आली. दारं उघडली, बंद झाली.

"पाट्या भरायचं काम त्येंचं नव्हतं. माझं व्हतं. थोरलीला आजवर सांगितलं न्हाई. कसं सांगू? एका चुलीवर जेवतोय."

पस्तीस वर्षांचा माणूस मी, बायको-पोरं असलेला, पण त्या बाकावर मला काही सुचेना. काहीतरी म्हणायला हवं होतं. यात तुझी काय चूक, असं काहीतरी. ते माझ्या तोंडाशी आलंही. पण ज्याच्या रडण्यानं ती वर आली तो मीच होतो. माझ्या तोंडून ते बोलणं शोभलं नसतं. मी नुसती तिची पिशवी घेतली आणि मांडीवर धरून बसलो. मला थोरली आई आठवत होती. लहानपणी माझ्या आजारपणात रात्ररात्र उशाशी बसलेली.

आईनं पदरानं तोंड पुसलं. छताकडं बघून म्हणाली, "ऊन सरकलं. नंबर जाईल आपला."

आणि उठली. मी मागं, ती पुढं. जिन्यावर पाय ठेवताना तिनं कठडा धरला नाही.

पंचवीस दिवस पुरे झाले तेव्हा वैशाख लागला होता. शेवटच्या दिवशी येताना आम्ही मंडईला उतरलो. आईला वर जाऊन मंडई बघायची होती. भाव विचारत हिंडली, गवारीचा भाव ऐकून "आम्हाला यातलं किती मिळतंय रं?" असं विक्रेत्यालाच विचारलं, आणि थोरल्या आईसाठी पावशेर अंजीर घेतले. पुरंदरचे अंजीर पुण्यात विकत घेऊन परत पुरंदर ओलांडून घरी न्यायचे. मी काही बोललो नाही.

गावी पोचलो तर ओसरीवर बाया जमलेल्या. तब्येतीचं विचारायला आलेल्या, पण आईनं शेकाचं दोन वाक्यांत आटपलं आणि स्टेशनावर आली. चंचीतली तिकिटं काढून दाखवली. भिंती वरपासनं बांधून काढल्यात. पायऱ्या आपसूक चढवत्यात. तळाला उजेड पडतो. पंधरा परस.

"पंधरा?" दादांनी गोठ्याच्या दारातूनच विचारलं. "मग पाणी किती?"

"कोरडी," आई म्हणाली. "ठणठणीत."

"पंधरा परस खांदून कोरडी!" थोरली आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग सगळ्याच हसल्या.

रात्री जेवणं झाली. दादा आणि मी अंगणात आडवे झालो. आत दोघी चुलीपाशी होत्या. भांडी कधीच घासून झाली होती, तरी दिवा मालवला नव्हता. आईचा आवाज यायचा, थांबायचा. मधे खूप वेळ काहीच आवाज आला नाही. मी उठून पाणी प्यायच्या निमित्तानं आत जाणार होतो, पण दादा अंधारात म्हणाले, "पड गप." त्यांनाही ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. माझा कधी डोळा लागला ते कळलं नाही.

सकाळी मी मोटर चालू करायला विहिरीवर गेलो तर थोरली आई काठावर उभी होती. डोळे सुजलेले. मी काही न बोलता पेटी उघडली, बटण दाबलं. खालून पाण्याचा आवाज वर यायला लागला. ती तिकडं बघत म्हणाली,

"मला कवा न्हेणार त्या ठेसनात?"

"चल की. कधीही."

"जाताना तुझ्या आईला बी घे. ती म्हणती, तिला वाट म्हाईत झालीया."